शून्य कुठलं, ते आधी लिहा

व्हॅक्यूम ट्रे ड्रायरच्या, म्हणजे हवा ओढून घेऊन कमी दाबाखाली माल वाळवणाऱ्या यंत्राच्या, लॉगशीटवर दर तासाच्या व्हॅक्यूमच्या रकान्यात ७४० (मिलिमीटर पारा) लिहिलेलं असतं. दहा वाजता ७४०, अकरा वाजता ७४०, जेवणाच्या सुट्टीतही ७४०. खाली शिफ्ट इन्चार्जची सही, तिच्याखाली क्वालिटीवाल्यांची. मुंबईच्या किनाऱ्यावर चांगला पंप लावला तर हा आकडा खरा असू शकतो. नाशिकला तो खरा असूच शकत नाही.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब साधारण ९४३ मिलिबार, म्हणजे पाऱ्याच्या हिशेबात ७०७ मिलिमीटर. पावसाळ्यात तो आणखी थोडा उतरतो, थंडीत थोडा चढतो. बाहेरच्या हवेपेक्षा आतला दाब किती खाली गेला, एवढंच साधं व्हॅक्यूम गेज सांगतं. आत अगदी काहीही उरलं नाही, तरी काटा ७०७ च्या आसपास थांबणार. सातशे सात हात खोल विहिरीत कोणी सातशेचाळीस हात उतरून आलो म्हणाला तर आपण हसू. लॉगशीटवर मात्र आपण सही करतो.

मग ७४० येतं कुठून? एक तर गेज बिघडलेलं असतं आणि ते कोणी तपासलेलं नसतं. किंवा गेज ६७० दाखवत असतं, पण बॅच रेकॉर्डमध्ये '७४० पेक्षा कमी नको' असं छापलेलं असल्यामुळे ऑपरेटर ७४० लिहितो. दुसऱ्या प्रकारात ऑपरेटरला खोटारडा ठरवून मोकळं होण्यात अर्थ नाही. अशक्य आकडा त्याच्याकडून मागितला गेला आहे. प्रक्रिया किनाऱ्यालगतच्या कारखान्यात बसवली गेली, तिचा कागद जसाच्या तसा सातपूर, अंबड किंवा दिंडोरीला आला, आणि येताना घाट चढल्याची नोंद कुणी केली नाही.

याची उलटी बाजू जास्त नुकसान करते. समुद्राकाठी ७०० मिलिमीटर व्हॅक्यूम म्हणजे आत ६० मिलिमीटर शिल्लक दाब. त्या दाबाला पाणी साधारण ४१-४२ अंशांना उकळतं. नाशिकला ७०० व्हॅक्यूम म्हणजे आत अवघे ७ मिलिमीटर. पाणी ६ अंशांना उकळेल. काट्यावरचा आकडा एकच, प्रक्रिया पूर्ण वेगळी. वॉटर रिंग पंप तर तिथवर पोहोचूच शकत नाही, कारण त्याच्या आत फिरणारं पाणी ३० अंशांचं असेल तर त्या पाण्याच्या वाफेचाच दाब ३२ मिलिमीटर असतो. ७०७ मधून ३२ गेले, उरले ६७५. इतक्यावर तो पंप आला म्हणजे त्याने आपलं काम चोख केलं. पण कागदावर ७०० आहे, म्हणून मेंटेनन्सला बोलावणं जातं. सील बदललं जातं, इम्पेलर उघडला जातो, गॅस्केटवर संशय घेतला जातो, आणि सगळं करून काटा पुन्हा ६७० वरच येऊन उभा राहतो. पंप निर्दोष होता. दोष कागदात होता.

एककांचा प्रश्न निघाला की चर्चा लगेच एका ठरलेल्या वळणावर जाते: आपण अजून पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) का वापरतो, पास्कल का नाही, जग कुठे गेलं आणि आपण कुठे राहिलो. मला ती चर्चा दुय्यम वाटते. कारखान्यात घोटाळा होतो तो एकक जुनं असल्यामुळे क्वचित. बहुतेक वेळा तो होतो मोजमाप कशापासून सुरू केलं, कुठल्या परिस्थितीत केलं आणि कुठल्या द्रवासाठी केलं हे लिहिलेलं नसल्यामुळे. एकक चूक असेल तर आकडा बहुधा इतका विचित्र दिसतो की कोणीतरी थबकतं. संदर्भ चूक असेल तर आकडा अगदी सभ्य दिसतो.

आपल्याकडच्या बोलीचंच बघा. 'बॉयलरला आठ किलो आहे', 'एअर लाइनला सहा किलो येतंय'. हा किलो म्हणजे किलोग्रॅम बळ प्रति चौरस सेंटिमीटर. आंतरराष्ट्रीय एसआय पद्धतीत त्याला जागा नाही, पण शॉपफ्लोअरवर त्याचा अर्थ सगळ्यांना पक्का ठाऊक आहे. एक किलो म्हणजे ०.९८ बार, दोन टक्क्यांचा फरक. कॉम्प्रेस्ड एअरच्या लाइनवर या दोन टक्क्यांसाठी कोणाचं काही अडत नाही, आणि हा शब्द बंद करा म्हणून परिपत्रक काढणं ही फुकटची दमछाक आहे. सेफ्टी व्हॉल्व्हच्या बाबतीत मात्र हेच दोन टक्के सोडून चालत नाहीत. व्हॉल्व्ह १०.५४ किलोला उघडायला हवा आणि टेस्ट बेंचवरचं गेज बारमध्ये असेल, तर तिथे १०.५४ वर सेट केलेला व्हॉल्व्ह प्रत्यक्षात १०.७५ किलोला उघडेल. म्हणजे बॉयलरच्या कमाल मर्यादेच्या वर. प्रमाणपत्रावर आकडा बरोबर, व्हॉल्व्ह चूक.

हा १०.५४ तरी इतका आडनिडा का? भारतातल्या कितीतरी पॅकेज बॉयलरच्या नेमप्लेटवर तो कोरलेला असतो. त्याचं उत्तर साधं आहे: तो १५० पीएसआय आहे, मेट्रिक कपडे घातलेला. १७.५ किलोच्या मागेही असाच २५० पीएसआय उभा आहे. १९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक पद्धत आली, आणि पत्र्यांच्या जाड्या, फ्लँजचे वर्ग, पाइपांचे व्यास हे सगळं इंचातल्या आराखड्यांतून मिलिमीटरमध्ये नुसतं भाषांतरित झालं. दोन इंची पाइपचा बाहेरचा व्यास ६०.३ मिलिमीटर असतो, ५०.८ नव्हे; हे फिटरला माहीत असतं, नवीन इंजिनिअरला नसतं. फॅब्रिकेटर आजही प्लेट 'सुतात' मागतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. या शब्दांशी माझं भांडण नाही. त्यांचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या हातात मुरलेला आहे. भांडण आहे ते अर्धा इंची गेजच्या नळीसाठी 'अर्धा इंच' एवढंच लिहून खरेदी ऑर्डर पाठवण्याशी. अर्धा इंचाच्या ब्रिटिश बीएसपी आणि अमेरिकी एनपीटी दोन्ही आट्यांना इंचाला चौदाच फेरे असतात, पण एकाच्या आट्याचा कोन ५५ अंश आणि दुसऱ्याचा ६०. दोन्ही एकमेकांत दोन-तीन फेरे मुकाट बसतात. मग टेफ्लॉन टेपचे थर चढतात, पाना जोराने आवळला जातो, टेस्टला थेंब येत नाही, आणि गरम तेल फिरायला लागल्यावर आठवड्याभरात तिथून पाझर सुरू होतो.

बॉयलरवर आलोच आहोत तर त्याची क्षमताही बघून घेऊ. 'तीन टनांचा बॉयलर' म्हणजे तासाला तीन टन वाफ, असं मालकही म्हणतो आणि बँकवालाही. नेमप्लेटवर पुढे बारीक अक्षरांत 'फ्रॉम अँड अॅट १०० अंश' असं असतं. म्हणजे १०० अंशांचं पाणी घेऊन १०० अंशांची वाफ केली तर तीन टन. आपण पाणी घालतो ३० अंशांचं आणि वाफ काढतो साडेदहा किलोची. शंभराच्या पाण्याची वाफ करायला किलोमागे ५३९ किलोकॅलरी लागतात. आपल्या परिस्थितीत सुमारे ६३४. भागाकार करा: तीन टनांच्या बॉयलरमधून साधारण २.५५ टन वाफ मिळेल. साडेचारशे किलो वाफ कुठे 'गळते' म्हणून स्टीम ट्रॅप शोधत फिरण्याआधी हा भागाकार करावा. शिवाय फीड टँकचं पाणी कंडेन्सेट, म्हणजे वापरलेल्या वाफेचं झालेलं गरम पाणी, परत आणून ८० अंशांवर नेलं तर यातला बराच भाग परत मिळतो. विक्रेत्याने फसवलेलं नसतं. त्याने संदर्भ लिहिलेला असतो, आपण वाचलेला नसतो.

हवेच्या बाबतीत उंचीचा फटका पुन्हा बसतो. १०० सीएफएमचा (मिनिटाला १०० घनफूट) कॉम्प्रेसर म्हणजे तासाला १७० घनमीटर हवा, पण ती त्याने तोंडाशी ओढलेली हवा. नाशिकची ३५ अंशांची, ९४३ मिलिबारची हवा 'नॉर्मल' परिस्थितीत, म्हणजे शून्य अंश आणि १०१३ मिलिबारला आणून मोजली तर ती १४० घनमीटर भरते. लाइनवर नवा थर्मल मास फ्लो मीटर बसवला आणि तो नॉर्मल घनमीटरमध्ये असेल, तर तो १४० दाखवणार. मग कॉम्प्रेसरवाला म्हणतो मीटर चूक, मीटरवाला म्हणतो कॉम्प्रेसर कमी देतो, आणि दोघांची सर्व्हिस भेटीची बिलं कारखाना भरतो. दोघेही खरं बोलत असतात. पाइपने येणाऱ्या नैसर्गिक वायूचं बिल 'स्टँडर्ड' घनमीटरवर होतं, १५ अंशांच्या. बर्नरवाल्याच्या तक्त्यात बहुधा नॉर्मल घनमीटर, शून्य अंशांचे. दोन्हींत साडेपाच टक्के फरक आहे. भट्टीची कार्यक्षमता काढताना एकाचा वायू आणि दुसऱ्याचा उष्मांक धरला की इंधन बचतीचा अहवाल हवा तसा रंगवता येतो. कोणी मुद्दाम रंगवतो असं नाही, पण रंगवला जातो.

आता तापमान. सेन्सर बरोबर आहे का हे पाहायची घरगुती युक्ती सगळ्यांना माहीत आहे: बर्फाच्या पाण्यात शून्य, उकळत्या पाण्यात शंभर. नाशिकला उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांना उकळतं. सेन्सर ९८ दाखवतो, तपासणारा म्हणतो दोन अंश कमी दाखवतोय, आणि कंट्रोलरमध्ये अधिक दोनचं ऑफसेट घालतो. बिनचूक सेन्सर असा कायमचा बिघडवला जातो. हाच सेन्सर द्राक्षाच्या पॅकहाउसमधल्या कोल्ड स्टोरेजला असेल तर काय होईल बघा. कंट्रोलर शून्य दाखवेल तेव्हा खोलीत खरे उणे दोन अंश असतील. मण्यात साखर असते, तो थोडा तग धरतो. पण घडाचा देठ उणे दोनच्या आसपास गोठू लागतो. माल युरोपात उघडला जातो तेव्हा देठ काळा पडलेला दिसतो आणि दोष वाहतुकीवर, जहाजावर, शेतकऱ्यावर फिरत राहतो. वास्तविक बर्फाच्या पाण्याची कसोटी पुरेशी होती, कारण तिच्यावर उंचीचा परिणाम नगण्य असतो. उकळत्या पाण्याची कसोटी वापरायचीच तर त्या दिवशीचा हवेचा दाब बघून वापरावी.

तापमान आणि दाब एकमेकांऐवजी वापरायची सवयही तपासून घ्यायला हवी. ऑटोक्लेव्हला १५ पीएसआय म्हणजे १२१ अंश, हे समीकरण समुद्रकाठचं आहे. नाशिकला १५ पीएसआयला वाफ जेमतेम १२० अंशांची असते. एका अंशाने काय होतं, असं कोणी म्हणेल. जंतू मारण्याच्या हिशेबात एका अंशाने तितक्याच मिनिटांचा परिणाम सुमारे एक पंचमांशाने घटतो. म्हणून निर्जंतुकीकरण तापमानावर चालवावं आणि दाबाचा काटा फक्त साक्षीला ठेवावा.

हे झालं काट्यांचं. कंट्रोल रूममध्ये काटे नाहीत, पडदे आहेत, म्हणून तिथे हा गोंधळ संपला असं समजलं जातं. तिथे तो फक्त दिसेनासा होतो. ट्रान्समीटर पीएलसीकडे, म्हणजे यंत्रणा चालवणाऱ्या संगणकाकडे, दाब पाठवत नाही, ४ ते २० मिलिअँपिअर करंट पाठवतो. १२ मिलिअँपिअर म्हणजे 'निम्मं'. कशाचं निम्मं, हे ट्रान्समीटरमध्ये एकदा आणि पीएलसीत एकदा असं दोन ठिकाणी वेगवेगळं भरलेलं असतं. ट्रान्समीटरची रेंज ० ते १६ आणि पडद्याची ० ते १० असली तर लाइनमध्ये ८ असताना पडदा ५ दाखवेल. असं कधी होतं? जुना ट्रान्समीटर रात्री बिघडतो, स्टोअरमध्ये त्याच टॅगचा मिळत नाही, दुसऱ्या रेंजचा बसवला जातो, वायर जोडली जाते, आकडा येतो आणि उत्पादन सुरू होतं. आकडा आला म्हणजे काम झालं, हीच खरी चूक. अगदी दोन्हीकडे ० ते १० असूनही एकीकडे बार आणि दुसरीकडे किलो असू शकतो.

ओरिफिस प्लेटवरच्या, म्हणजे पाइपात बसवलेल्या भोकाच्या चकतीवर मोजलेल्या, प्रवाहाचा घोळ तर चकवा देणारा आहे. तिथे दाबातला फरक प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे कुठेतरी एकदा वर्गमूळ काढावं लागतं. ट्रान्समीटरमध्ये काढा किंवा पीएलसीत काढा, पण एकदाच. दोन्हीकडे काढलं तर प्रवाह निम्मा असताना पडदा ७१ टक्के दाखवतो. कुठेच काढलं नाही तर २५. गंमत अशी की शून्याचं वर्गमूळ शून्य आणि पूर्णाचं पूर्ण. त्यामुळे कमिशनिंगच्या वेळी ४ आणि २० मिलिअँपिअर देऊन दोन टोकं तपासणाऱ्याला सगळं ठीक दिसतं. ट्रान्समीटरला पूर्ण रेंजच्या चौथ्या भागाइतका दाबाचा फरक देऊन पडदा ५० दाखवतो का, ही तिसरी तपासणी पाच मिनिटांची आहे. ती बहुतेक कॅलिब्रेशन नोंदींत असते, पण फक्त ट्रान्समीटरची. पडद्यापर्यंतच्या पूर्ण लूपची नसते.

टाकीची पातळी हे याहून मोठं प्रकरण. तळाशी बसवलेला ट्रान्समीटर उंची मोजत नाही, वरच्या द्रवाचं वजन मोजतो. चार मीटरची टाकी पाण्यावर ० ते ४००० मिलिमीटर कॅलिब्रेट केली आणि नंतर तिच्यात मिथेनॉल भरायला सुरुवात झाली, तर टाकी काठोकाठ भरली तरी पडद्यावर ७९ टक्केच दिसतील, कारण मिथेनॉलची घनता पाण्याच्या ०.७९ पट आहे. हाय अलार्म ९० टक्क्यांवर ठेवलेला आहे. तो कधीच वाजणार नाही. अलार्म तपासला होता, चालू होता, प्रमाणपत्र आहे, आणि मिथेनॉल टाकीभोवतीच्या बांधात (डाइक वॉलमध्ये) पडतंय.

अमेरिकेत टेक्सास सिटीच्या रिफायनरीत २३ मार्च २००५ ला १५ कामगार मेले, त्याच्या मुळाशी ज्या अनेक गोष्टी होत्या त्यांत ही एक होती. मनोऱ्याच्या तळाचं पातळीचं उपकरण जुन्या कागदावरच्या घनतेवर लावलेलं होतं. १७० फुटी मनोऱ्यात द्रव १५८ फुटांपर्यंत चढला होता, तेव्हा पडद्यावर ७८ टक्के होते आणि आकडा हळूहळू उतरत होता. उतरणाऱ्या आकड्याला कोण घाबरेल? आपल्या भोपाळमध्येही २ डिसेंबर १९८४ च्या रात्री ६१० क्रमांकाच्या टाकीचा दाब साडेदहाच्या सुमारास २ पीएसआय होता आणि अकराच्या सुमारास १०. दोन्ही आकडे नेहमीच्या मर्यादेत बसत होते, म्हणून कोणी दचकलं नाही. अर्ध्या तासात पाचपट, हे वाचायला दोन नोंदी एकमेकींशेजारी ठेवून बघणारं कोणीतरी लागतं. आपली लॉगशीट मर्यादा विचारते, वेग विचारत नाही. शेवटच्या नोंदीपासून किती फरक पडला, असा एक रकाना तीत असायला काय हरकत आहे?

इथवर सगळं कारखान्याच्या भिंतीच्या आतलं होतं, त्यांचं ते बघतील असं म्हणता आलं असतं. पण सांडपाणी भिंतीच्या बाहेर येतं. सातपूर-अंबडकडून येणारी नासर्डी शहरातून वाहत गोदावरीला मिळते, आणि सिंहस्थ आला की नदीच्या पाण्याची चर्चा सुरू होते. त्या चर्चेतला आकडा नेहमी मिलिग्रॅम प्रति लिटरचा असतो. सीओडी, म्हणजे पाण्यातल्या घाणीला लागणाऱ्या ऑक्सिजनचं माप, २५० च्या आत, म्हणजे पास. आता गणित करा. दिवसाला ५० किलोलिटर सांडपाणी आणि सीओडी ५०० असेल तर नदीकडे २५ किलो भार जातो आणि नमुना नापास होतो. त्यात ५० किलोलिटर बोअरवेलचं पाणी मिसळा: सीओडी २५०, नमुना पास, भार तोच २५ किलो, वर पन्नास हजार लिटर चांगलं पाणी वाया. प्रदूषण मंडळाच्या संमतिपत्रात पाण्याचं प्रमाणही घातलेलं असतं हे खरं, पण दोन आकडे दोन कागदांवर असतात आणि गुणाकार कोणी करत नाही. रोजचा भार किलोत लिहायचं बंधन घातलं तर पाणी मिसळून काहीच साधत नाही.

टीडीएसचीही, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचीही, अशीच गत. हातातलं टीडीएस मीटर टीडीएस मोजत नाही. ते विद्युतवाहकता मोजतं आणि तिला एका गुणकाने गुणतं. तो गुणक पाण्यातल्या क्षारांप्रमाणे ०.५ ते ०.७ च्या दरम्यान असतो. वाहकता ३५०० असेल तर एका मीटरवर १७५० येतील आणि दुसऱ्यावर २४५०. अनेक संमतिपत्रांतली मर्यादा २१०० ची आहे. पास की नापास हे पाण्याने नाही, मीटरच्या मेनूतल्या एका आकड्याने ठरलं. प्रयोगशाळेत पाणी आटवून गाळ तोलला की खरं काय ते कळतं, आणि त्यावरून आपल्या पाण्याचा गुणक काढून तो मीटरवर लिहून ठेवता येतो.

वैधमापन कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०११ पासून. भाजीवाल्याच्या तराजूवर शिक्का लागतो, पेट्रोल पंपावर पाच लिटरचं माप ठेवावं लागतं, बिलात आणि किंमतपत्रकात प्रमाणित एककच लागतं. ग्राहकाला पन्नास ग्रॅम कमी मिळू नयेत यासाठी एवढी यंत्रणा आहे आणि ती हवीच. कारखान्याच्या आतल्या ज्या आकड्यांवर कामगारांचा जीव आणि नदीचं पाणी अवलंबून आहे, त्यांची तपासणी बॉयलर, कारखाना सुरक्षा, प्रदूषण नियंत्रण अशा निरनिराळ्या कार्यालयांत वाटली गेली आहे. प्रत्येक जण आपापल्या मर्यादेचा आकडा बघतो. आकड्याचा संदर्भ बघणं कोणाच्याच यादीत नाही. नवा कायदा करा असं मी म्हणत नाही. कायद्याने आणखी एक रजिस्टर वाढेल आणि त्यातही ७४० च लिहिलं जाईल. आहे त्या तपासणीत तीन प्रश्न घालावेत. हा काटा उघड्या हवेपासून मोजतो की पूर्ण निर्वातापासून? हा घनमीटर कुठल्या तापमानाचा? ही टाकी कुठल्या द्रवासाठी कॅलिब्रेट केली आहे? उत्तर उपकरणाच्या अंगावर लिहिलेलं नसेल तर तो शेरा.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला खर्चाचा: छोट्या युनिटला सगळी गेज बदलणं परवडणार नाही. बदलायला सांगतंय कोण? डायल तसाच राहू दे. त्याखाली एक पट्टी लावायची आहे: टॅग क्रमांक, रेंज, एकक, 'गेज' (उघड्या हवेपासून) की 'अॅब्सोल्यूट' (पूर्ण निर्वातापासून), द्रव आणि घनता. पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला प्रत्येक ट्रान्समीटरची रेंज आणि तिच्याशेजारी पीएलसीतली रेंज असा एक कागद चिकटवायचा आहे. ट्रान्समीटर बदलला की त्या कागदावर सही झाल्याशिवाय लूप चालू करायचा नाही. कॅलिब्रेशन प्रमाणपत्र आलं की ते फाइलला लावण्याआधी त्यावरचं एकक आणि डायलवरचं एकक एकच आहे का, एवढं बघायचं आहे. यात पैसा फारसा नाही. एका माणसाचे चार दिवस आहेत, आणि तेच मिळत नाहीत.

दुसरा आक्षेप अनुभवाचा: आमच्या ऑपरेटरला वीस वर्षं झाली, त्याला काटा बघून सगळं कळतं. कळतं, यात शंका नाही. जॅकेटच्या आवाजावरून वाफ कमी पडतेय हे सांगणारे लोक आहेत आणि त्यांच्या जोरावर कारखाने चालतात. पण त्यांचं ज्ञान 'या' काट्यापुरतं असतं. हा काटा सातशे दाखवणार नाही, हे त्यांना केव्हाच कळलेलं असतं. का दाखवणार नाही हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं, आणि कागदावरचा आकडा चूक आहे असं म्हणायचा अधिकार त्यांना नसतो. आयटीआयच्या इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकला एककांची कोष्टकं पाठ करायला लावतात. त्यांतली निम्मी गाळून त्या वेळात नाशिकच्या हवेचा दाब मोजायला लावला, एक सेन्सर उकळत्या पाण्यात धरायला लावला, तर तो मुलगा नोकरीच्या पहिल्या महिन्यात ७४० वर बोट ठेवील. त्याचं ऐकलं जाईल का, हा पुढचा प्रश्न.

औषध कारखान्यात बॅच रेकॉर्डचा आकडा असा सहज खोडता येत नाही आणि ते योग्यच आहे. त्यासाठी चेंज कंट्रोलचा फॉर्म भरावा लागतो, त्यावर चार विभागांच्या सह्या लागतात. व्हॅक्यूम ट्रे ड्रायरपासून सुरुवात करा. मूळ प्रक्रियेला आत किती शिल्लक दाब हवा होता ते काढा, तो अॅब्सोल्यूटमध्ये लिहा, आणि साध्या गेजऐवजी अॅब्सोल्यूट सेन्सर बसवा, म्हणजे पावसाळ्यातही आकडा हलणार नाही. फॉर्मवर 'बदलाचं कारण' असा रकाना असतो. त्यात लिहा: नाशिक समुद्रकाठी नाही.